‘डाऊन’ कोण म्हणालं

सर, फार उशिरा लिहितोय, माफ करा. तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली. दहाव्याला मी रामकुंडावर आलो होतो, तेव्हाच बोलायचं होतं. पण भोवती माणसं होती, आणि त्यानंतर दुकान होतं, मग सवय झाली. माझी शाळा सातवीपर्यंत. लिहिणं मापं टिपण्यापुरतं. चुकलंमाकलं समजून घ्या.

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात ते जुन्या पँटची कंबर सैल करून घ्यायला. देवळाली कॅम्पात पलटणीतून निवृत्त झालेली माणसं पुष्कळ, म्हणून मी मान वर केली नव्हती. मुलगी केर काढत होती. तिनं लोखंडी पायांसकट शिलाई मशीन उचललं, बाजूला ठेवलं आणि खालचा केर ओढला. बारा वर्षांची होती. तुम्ही विचारलंत, "मास्तर, ही कोण?" मी म्हणालो, "थोरली. पाडेल एक दिवस मशीन." तुम्ही म्हणालात, "ती पाडत नाही, ठेवते. फरक आहे. उद्या माझ्या शेडवर पाठवा, वजन उचलायला शिकवतो." मी विचार करून सांगतो म्हणालो. घरी तिची आई म्हणाली, "पाठवा की. तुमच्या धास्तीपायी पोरीनं जन्मभर केरच काढायचा का?"

मी रोज तिला सोडायला यायचो आणि परत जायचो नाही. शेडकडे पाठ करून पायरीवर बसायचो. वजनं अडवणारी दांडीच्या टोकाची कडी नीट बसली असेल ना, मानेत चमक भरेल, कंबर जाईल, उद्या लग्नाच्या वेळी कोणी काही बोलेल, डोक्यात हेच चालायचं. शेवटी तुम्हीच मला आत बोलावून समजावलंत. वजन डोक्यावर गेलं म्हणजे काम झालं असं नाही. हात ताठ, पाय एका रेषेत, आणि पंच ‘डाऊन’ म्हणेपर्यंत तसंच उभं राहायचं. आधी सोडलं तर सगळं फुकट. सरावात ‘डाऊन’ तुम्ही म्हणायचात. इंग्रजी मला येत नाही, पण तेवढा शब्द पक्का बसला. पाठमोरा असलो तरी तो कानावर आला की कळायचं, सुटली पोरगी. मग मी श्वास सोडायचो. "मास्तर, उचलते ती आणि दम तुम्हाला लागतो," असं तुम्ही म्हणालात तेव्हा शेडातल्या सगळ्या मुली हसल्या होत्या. तिचा पहिला पोशाख मी शिवला, तो खाली बसताक्षणी उसवला. त्यावरही तुम्ही बोललात. "हे काय बारशाचं टोपडं आहे? डबल शिलाई मारा."

पुढं जिल्हा झाला, विभाग झाला, राज्यात ती तीन वर्षं ओळीनं पहिली आली. मी एकही स्पर्धा बघितली नाही. निकाल कळला की दुकान उघडायचो. मग नाशिकच्या हॉलमध्ये ती निवड स्पर्धा ठरली. जिंकली असती तर भारताच्या शिबिरात जाणार होती. ती म्हणाली, "आप्पा, आता तर गावातच आहे. आता या." तुम्ही दारातच मला बजावलंत, "बसायचं तर तोंडाला कुलूप."

तिसऱ्या रांगेत बसलोय. तिची शेवटची खेप. वजन छातीवर येतं, थांबतं, मग एका झटक्यात डोक्यावर जातं. लोक ओरडतायत. तिचा डावा कोपर थरथरतोय, मागचा पाय पुढच्याच्या रेषेत यायचाय, पंच त्याचीच वाट बघतोय. मला वाटतं, आता हे मानेवर येणार. आणि कोणीतरी जाड आवाजात म्हणतं, "डाऊन." ती दांडी सोडते. तीन लाल दिवे लागतात, खेप बाद.

म्हणालो तो मी, सर.

हॉलच्या मागच्या बाजूला तुम्ही तिला धारेवर धरलंत. "कान कुठं होते तुझे?" ती म्हणाली, "सर, मला ऐकू आलं." "कोणाकडून? भुताकडून?" मी तिची पिशवी धरून दोन हात अंतरावर उभा होतो. आठ दिवस तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत, शेडात तिला ‘डाऊन’ दुसऱ्या मुलीकडून म्हणवलंत. पुढच्या वर्षी तिचा कोपर गेला आणि शिबिर राहिलं ते राहिलंच. शेवटी तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा ती रोज पेज घेऊन यायची. "झालं ते झालं, पण तू ज्या मुलींना शिकवशील त्यांना पंचाचं ऐकायला शिकव," हे तुम्ही तिला सांगितलंत तेव्हाही मी खाटेच्या पायथ्याशी होतो.

आता ती एक्केचाळीसची आहे. शाळेत खेळ शिकवते, संध्याकाळी नऊ मुलींचा सराव घेते. एक सिन्नरहून एसटीनं येते, ती चांगली आहे. मी तिथं कोपऱ्यात बसून त्यांचे पोशाख दुरुस्त करतो. गेल्या आठवड्यात तिनं मुलींना ती गोष्ट पुन्हा सांगितली. माझी चूक, दुसऱ्या कोणाची नाही, असं म्हणाली. सिन्नरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, पण मग बोललं कोण?" ती म्हणाली, "कोणीच नाही गं. भीती बोलते कधी कधी." मी हातातली शिवण चालूच ठेवली.

येत्या शनिवारी त्या मुलीची निवड स्पर्धा आहे, नाशिकलाच. "आप्पा, तुम्ही चला, पुढच्या रांगेत बसा," असं माझी लेक रोज म्हणते. मी गुडघ्यांचं निमित्त सांगतो. खरं तर जाण्याआधी तिला सांगायला हवं. ती रागावेल याची भीती नाही, ती रागावून झाली की जेवायला वाढते. भीती वेगळीच आहे. ती विचारेल, तेव्हा आप्पा, तुम्हाला काय वाटलं? आणि मला खोटं बोलता येत नाही. ते लाल दिवे लागले, सगळा हॉल हळहळला, आणि मला बरं वाटलं होतं, सर. वजन खाली होतं, पोरगी उभी होती.

हे तुमच्यापर्यंत जाणार नाही, मला कळतं. तुमच्या शेडच्या जागी आता मोटारी उभ्या असतात, पाकिटावर लिहू तरी काय. तरी एवढं बघा. सगळं सांगू, की ओरडलो तेवढंच सांगू? आज बुधवार आहे. शनिवारच्या आत कसंही करून कळवा.