मॉडेल विरुद्ध वॉम्बॅट

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची सुरुवात नोंदलेली बरी.
आमच्या ‘ब्रोल्गा’ उपग्रहाच्या वाटेत अवकाशातला कचरा येणार असला की अलार्म वाजतो. उपग्रह चालवणारी मोइरा लगेच तो बाजूला सरकवते. त्यात इंधन जातं. टाकीत आता फारसं उरलेलं नाही. ते संपलं की वणवे बघणारा आमचा एकुलता एक डोळा मिटला.
उपाय : डेटा. कोणता अलार्म खरा, कोणता खोटा, हे माझं संगणकातलं मॉडेल सांगेल. आमची बॉस एफी खूश. म्हणाली, लायनेल, जमलं तर मे महिन्यात सिडनीच्या परिषदेत तूच बोल.
गोड बंद करण्याचा संकल्पही आजच.

११ मार्च
मॉडेलला मागचे सगळे अलार्म शिकवले. अचूकता शंभर टक्के! पुन्हा तपासलं. शंभरच.
मोइराने विचारलं, त्यातल्या किती वेळा टक्कर झाली होती? म्हटलं, एकदाही नाही. ती म्हणाली, मग बाबा रे, टक्कर कशाला म्हणतात हे त्या बिचाऱ्याला कळणार कुठून?
मत्सर. दुसरं काय.
आनंदात चॉकलेट-खोबऱ्याचं एक लॅमिंग्टन खाल्लं. संकल्प उद्यापासून.

१८ मार्च
मॉडेल प्रत्येक अलार्मला ‘धोका नाही’ म्हणतं. किती शांत स्वभाव!
मोइराने शेजारच्या खुर्चीत अस्वलाच्या पिल्लासारखा गुबगुबीत, कापडी वॉम्बॅट आणून बसवलाय. गळ्यात पाटी : ‘काही होणार नाही.’ अलार्म आला की मॉडेलचं आणि त्याचं, दोघांचं मत फळ्यावर लिहिते. पोरकटपणा.

२ एप्रिल
वॉम्बॅटचीही अचूकता शंभर टक्के. योगायोग. त्याला वीज लागत नाही, हे मान्य.
एफी जाता-येता त्याला विचारते, काय साहेब, आज काय म्हणता? मला विचारत नाही.

९ एप्रिल, सकाळ
अलार्म. जुन्या रॉकेटचा तुकडा. मॉडेल : धोका नाही. मोइराला बजावलं, इंधनाला हात लावायचा नाही. ती म्हणाली, धडक खायला वर तुझं मॉडेल जाणार आहे का? आणि सरळ एफीकडे गेली. ब्रोल्गा सरकवलाच.

दुपार
रडारची नवी मोजणी आली. ब्रोल्गा हलला नसता तर जिथे असता, नेमका तिथूनच तुकडा गेला. ऑफिसात टाळ्या. मोइरासाठी.
पण शेवटी टक्कर झाली नाही. म्हणजे मॉडेलचं भाकीत खरंच ठरलं. तशी नोंद केली. अचूकता अजून शंभर.
लॅमिंग्टन तीन.

१० एप्रिल
एफीला ती नोंद दाखवली. तिने ती दोनदा वाचली. मग म्हणाली, अरे, गाडीत पट्टा लावला म्हणून अपघातातून वाचलेल्या माणसाला तू सांगतोयस की बघ, पट्टा उगाच लावलास.
उदाहरण चांगलं आहे. सिडनीत वापरीन.

१२ मे
सिडनीला मोइरा गेली. भाषणाचा विषय : शंभर टक्के अचूकतेपासून सावध. नमुना म्हणून वॉम्बॅट सोबत नेलाय.
तो येईपर्यंत त्याच्या खुर्चीत मी. काम सोपं आहे : अलार्म वाजला की मोइराला फोन करायचा. मत द्यायचं नाही.
दुपारी अलार्म वाजला. काही होणार नाही, माझी खात्री आहे.
फोन लावला.