थंडीच्या यंत्राला नैवेद्य

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्या तेत्सुजीचा कमरेतून वाकून नमस्कार.

डोंगरावर बर्फ खिडकीपर्यंत आलंय. तिकडे समुद्रावरचा वारा तुला सोसतोय ना? दाजींचा गुडघा काय म्हणतो? माझी तब्येत उत्तम. बोलायला माणूस नाही, त्यामुळे घसासुद्धा शाबूत आहे.

दाजींनी मागे विचारलं होतं, तुझं यंत्र करतं तरी काय? मी म्हणालो, थंड करतं. ते म्हणाले, बर्फ आहे की बाहेर फुकटचा! तर आता नीट सांगतो. आमच्या दुर्बिणीला (ती ताऱ्यांचं नुसतं ऐकते, बघत काही नाही) स्वतःच्या अंगातल्या उबेचाही गोंगाट होतो. म्हणून तिचा कान इतका गार ठेवायचा, की त्याहून गार जगात फारसं काही उरत नाही. त्यासाठी बर्फ लागत नाही. तोच तो हेलियम वायू बंद नळ्यांतून वर्षानुवर्षं फिरतो. खालचा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबला की तो तापतो, ती ऊब पंखा बाहेर फेकतो. मग वर नेऊन त्याला एकदम मोकळा सोडला, की तो फुलतो आणि गारठतो. पण खरी करामत वाटेतल्या शिशाच्या गोळ्यांची. आत जाताना वायू आपली ऊब त्यांच्यापाशी ठेवतो आणि परतताना उचलून नेतो, आपण दारात चपला काढतो आणि निघताना घालतो तसं. त्यामुळे बाहेरची ऊब घरात शिरत नाही, आणि आतलं घर दर फेरीला आणखी गार होत जातं. हे सगळं चुक्-चुक् आवाज करत चालतं. माझी खोली शेजारीच आहे. तुझी भावजय हारुए देवाघरी गेल्यापासून घरात बोलणारं तेवढंच.

आता माझा प्रताप ऐक. दाजी वर्षअखेरीला होडीत नैवेद्य म्हणून कुटलेल्या भाताचे दोन गोळे एकावर एक ठेवतात ना, वर संत्रं? तसे मी दरवर्षी कॉम्प्रेसरच्या माथ्यावर ठेवतो. एरवी दुकानातले, दगडासारखे. यंदा हुक्की आली, घरीच भात वाफवून कुटला. पण कुटायला दोघं लागतात. एकानं घाव घालायचा, दुसऱ्यानं मधल्या मधे गोळा उलटायचा. उलटायचं काम हारुएचं असायचं. मी घाव घालत होतो, मुसळ ठेवत होतो, उलटत होतो, पुन्हा मुसळ शोधत होतो. गोळा व्हायचा तो पातळ झाला. कॉम्प्रेसरच्या उबेनं तो ऐसपैस पसरला, संत्र्यासकट जाळीवर ओघळला आणि पंख्याचा घसा बसला. कॉम्प्रेसर तापला आणि आपणहून बंद पडला. मी दुपारची डुलकी काढत होतो, तो चुक्-चुक् थांबल्याच्या शांततेनं जागा झालो. ताई, इतका घाबरलो मी, खरं सांगतो. हारुए गेली तेव्हाही घर असंच गप्प झालं होतं.

आमच्या प्रमुख नागुमोबाई धावत आल्या (वयानं माझ्या मुलीसारख्या). म्हणाल्या, "अहो इसोगाईसान, नैवेद्य दाखवायचा असतो, भरवायचा नसतो!" मग बाह्या सरसावून माझ्याबरोबर जाळी खरवडत बसल्या. मी मान खाली घालून माफी मागतोय, आणि बाई संत्रं सोलतायत. म्हणाल्या, "राहू द्या बंद. तारे कुठं पळतात? सुट्टीनंतर गार करू. तुम्ही घरी जा बघू."

मी नुसतं बरं म्हणालो. दरवर्षी तू बोलावतेस आणि मी लिहितो, यंत्र थांबवता येत नाही, एकदा ऊब शिरली की पुन्हा गार व्हायला दोन दिवस जातात. हे खरंच आहे. यंदा तू बोलावलं नाहीस. तुझंही खरंच आहे.

दाजींना नमस्कार.
तुझा तेत्सुजी

ता. क. भात अजून कुटला नसेल तर थांब. उलटायला कुणी लागेल. मला जमतं.

ता. क. दुसरा. पत्र उद्या पोचेल. मी परवाची गाडी धरतो, म्हणजे नको म्हणायला तुला एक दिवस मिळेल.

ता. क. शेवटचा. दारातल्या माझ्या हिरव्या सपाता अजून आहेत का? कुणाला दिल्या असल्या तरी हरकत नाही. मी जाड मोजे घालून येतो.