एकतीस मुलं, एक म्हैस

२ जानेवारी १९८४. सकाळी सात.
नवीन वर्ष, नवी वही. रोज लिहायचं. (कालपासूनच लिहिणार होतो, पण काल रविवार होता.)
जुने हेडमास्तर रिटायर झाले. खुर्ची रिकामी. उमेदवार दोन: मी आणि गुंडाप्पा मास्तर. दोघंही एकाच दिवशी नोकरीला लागलो, त्यामुळे सीनियॉरिटीवर काही ठरत नाही. २५ तारखेला विस्तार अधिकारी साहेब इन्स्पेक्शनला येणार. त्यांच्या शेऱ्यावर ऑर्डर निघणार. गेल्या वर्षीचा शेरा मला तोंडपाठ आहे: विद्यार्थी गाइडातली वाक्यं उतरवतात, स्वतःची उदाहरणं देत नाहीत. गुंडाप्पा हे विसरला असणार.
संकल्प: सातवीच्या प्रत्येक मुलानं प्रत्येक विषयाच्या प्रत्येक उत्तरात उदाहरण द्यायचं. शिवाय बिडी बंद.

४ जानेवारी
पहिली चाचणी. निकाल उत्साहवर्धक. एकतीसच्या एकतीस मुलांनी 'उदाहरणार्थ' हा शब्द लिहिला. त्यापुढं थोडी गडबड आहे. नागरिकशास्त्र: सहकार म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेलं काम, उदाहरणार्थ, सगळ्यांनी मिळून केलेलं काम. भूगोल: दुष्काळ म्हणजे पाऊस न पडणे, उदाहरणार्थ, पडला नाही. मच्छिंद्रनं गणितातसुद्धा लिहिलं: नऊ साते त्रेसष्ट, उदाहरणार्थ त्रेसष्ट. त्याला चूक देता येईना.
बिड्या दोनच.

७ जानेवारी
मुलांना समजावलं की उदाहरण घरातलं, गावातलं, डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे. मोठी चूक झाली. मुलांनी खरंच डोळ्यांनी बघितलेलं लिहिलं. बसप्पानं विज्ञानात लिहिलं: मिश्रण, उदाहरणार्थ, आमच्या सोसायटीचं दूध. पाणी किती वाजता मिसळतात, कुठल्या आडाचं मिसळतात, सगळा तपशील. दूध सोसायटीचे चेअरमन लिंबाजीराव. शाळा समितीचेही तेच. पान फाडून घरी आणलं आणि चुलीत घातलं. मथुरा (बायको) म्हणाली, अवो, जाळायच्या आधी मला तर वाचू द्यायचं.
निष्कर्ष: मुलांच्या हाती अनुभव देणं धोक्याचं आहे. अनुभवसुद्धा मास्तरनंच पुरवला पाहिजे.

१० जानेवारी
सापडलं! दाढी करताना सापडलं. सगळ्या विषयांना पुरेल असं एकच उदाहरण: म्हैस. नाव कावेरी. बहात्तरच्या दुष्काळात छावणीत राहिली (इतिहास). तिचा कडबा सोलापूरहून ट्रकनं आला (भूगोल). परत आल्यावर सोसायटीला दूध घातलं, घरावर पत्रे आले (नागरिकशास्त्र). चिखलात रुतली, सात जणांनी दोर लावून ओढली (विज्ञान). शेवटी मेली (मराठी). इतकं सोयीचं जनावर दुसरं नाही.
मथुरेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, कावेरी तर माझ्या भावाची म्हैस. तुमी कधी तिच्या जवळ तरी गेला व्हता का? बहात्तरात ती जन्मली बी नव्हती, आन मेली कुठं, परवाच व्याली की. बायकांना शिक्षणशास्त्र कळत नाही.

१२ जानेवारी
डिक्टेशन. दीड तास. 'आमची लाडकी म्हैस कावेरी' इथपासून 'आजही डोळे भरून येतात' इथपर्यंत. पाठ करायला आठ दिवस दिले.
अयोध्यानं हात वर केला. या मुलीला शंका फार. म्हणाली, गुर्जी, आमच्यात म्हैस न्हाय, शेळी हाय. शेळीचं लिवू का? मी प्रेमानं सांगितलं, शेळीचं दूध सोसायटी घेत नाही, म्हणून शेळी नागरिकशास्त्रात चालत नाही. ती म्हणाली, मग म्या म्हशीचं लिवलं तर त्यो अनुभव माझा कसा? मी चिडलो नाही. नोंद करण्यासारखा संयम. नंतर तीन बिड्या.

१६ जानेवारी
गुंडाप्पाची कीव येते. सहावीच्या पोरांना घेऊन हायवेच्या कडेला बसला होता, ट्रक मोजत. कुठल्या ट्रकात काय माल, कुठनं आला, कुठं चालला. पोरं खिदळत होती. इन्स्पेक्शन नऊ दिवसांवर आलंय! एक मित्र म्हणून त्याला सावध करायला पाहिजे. उद्या करीन.
हेडमास्तरच्या खुर्चीला गादी लागेल. मथुरेला शिवायला सांगितली. म्हणाली, आधी खुर्ची तर येऊ द्या.

२१ जानेवारी
रंगीत तालीम परफेक्ट. मी नुसतं 'उदाहरणार्थ' म्हणायचा अवकाश, सगळा वर्ग 'आमची लाडकी म्हैस कावेरी' म्हणून सुरू होतो. स्वल्पविराम आला की सगळे एकदम श्वास घेतात. ऐकताना माझा ऊर भरून आला. आता कोण काय बिघडवणार?
गुंडाप्पाला सावध करायचं राहिलं.

२५ जानेवारी. शाळा सुटल्यावर.
सुरुवात फार छान झाली. साहेबांनी तीन प्रश्न दिले: सहकार, घर्षण, आणि माझ्या आयुष्यातला आनंदाचा क्षण. पहिली वही वाचून साहेब म्हणाले, अरेरे. दुसरी वाचून म्हणाले, हिचंही नाव कावेरीच? पाचव्या वहीला चष्मा पुसला. अकराव्या वहीपासून पुढं नुसती पानं उलटली. मी सांगितलं, साहेब, गावात एकी फार आहे.
मग त्यांनी मच्छिंद्रला उभं केलं. जन्म कधीचा विचारलं. एकाहत्तरचा. मग बहात्तर साली छावणीत म्हशीला कडबा कसा भरवलास? मच्छिंद्रनं माझ्याकडं बघितलं, मग साहेबांकडं बघितलं आणि म्हणाला, सोताच्या हातानं.
आनंदाच्या क्षणात सव्वीस जणांनी कावेरी मेल्याचं लिहिलं. यात मुलांचा दोष नाही, प्रश्नच तसा अवघड होता. साहेब वर्गाला समजावू लागले, अरे, आनंद कशाचाही होतो, उदाहरणार्थ... तो शब्द त्यांनी उच्चारायला नको होता. सगळा वर्ग सुरू झाला. साहेबांनी दोनदा टेबल वाजवलं, पण 'आजही डोळे भरून येतात' येईपर्यंत कुणी थांबलं नाही. लिंबाजीराव खिडकीतून बघत होते.
फक्त अयोध्याच्या वहीवर साहेब रेंगाळले. तिची शेळी आडाजवळच्या चिखलात घसरत होती, बापानं राख टाकली, मग पाय ठरला, ते घर्षण. साहेबांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाली, कुनी न्हाय. गुर्जी म्हनले शेळी चालत न्हाय, मग मीच बसून इचार केला. मी लगेच सांगितलं, साहेब, विचार करायला मीच भाग पाडलं.
नंतर साहेब सहावीत गेले. तिथं ट्रकांवरचे निबंध होते. तासभर बाहेर आले नाहीत. हसल्याचा आवाज येत होता.
एकूण इन्स्पेक्शन चांगलं गेलं. जाताना साहेबांनी माझं पूर्ण नाव लिहून घेतलं. गुंडाप्पाचं घेतलं नाही.

१ फेब्रुवारी
ऑर्डर आली. गुंडाप्पा.
लिंबाजीराव म्हणाले, गुर्जी, म्हशीनं घात केला बगा तुमचा. घरी आलो. मथुरेनं गादी अर्धी शिवली होती, ती माझ्या नजरेला पडू नये म्हणून ट्रंकेत ठेवत होती. वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी
सकाळ झकास उजाडली होती. वरच्या ऑफिसातून परिपत्रक आलं, जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना. विषय: निबंधात उदाहरणांचा वापर. म्हणजे माझीच मोहीम! शेवटी दखल घ्यावीच लागली. प्रार्थनेनंतर सर्वांसमोर वाचून दाखवावं असा हुकूम होता. गुंडाप्पानं ते आधी वाचलेलं होतं. म्हणाला, गुर्जी, ऱ्हाऊ द्या, मी वाचतो, न्हायतर आज वाचायलाच नको. मला सगळं कळलं. खुर्ची मिळाली तरी माणसाचा मत्सर जात नाही. कागद त्याच्या हातातून घेतला आणि ओट्यावर चढलो. आवाज माझाच चांगला आहे.
पहिला परिच्छेद खणखणीत वाचला. विद्यार्थ्यानं स्वतःचा अनुभव लिहावा. शिक्षकानं आपला अनुभव त्याच्या तोंडी घालू नये. तसं केल्यास सगळा वर्ग हास्यास्पद ठरतो. उदाहरणार्थ,
पुढं माझं नाव होतं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट.
थांबायला हवं होतं. पण आवाज लागलेला होता, वाचत गेलो. म्हशीचं नावही छापलं होतं, तेही वाचलं. अख्ख्या मैदानावर कुणी हसलं नाही. त्यामुळे जास्तच लाज वाटली. कागदाची घडी केली आणि सवयीनं विचारलं, समजलं का सगळ्यांना?
सातवीची एकतीस मुलं एकदम म्हणाली, व्हय गुर्जी. अयोध्यालासुद्धा शंका नव्हती.