भीतीची घंटा आणि पिशवीभर ढेमसं

ती. ताईस,

धाकट्या कुंदाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात). भाऊजींची साखर कशी आहे? उमरखेडचं ऊन त्यांना सोसतंय ना? मी इथे घाटंजीत मथुराबाईंच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहते. बरी आहे. आमचे हे येत्या रविवारी चार माणसं घेऊन मला परत न्यायला येणार आहेत. एवढा मोठा माणूस स्वतः येतोय, आता जायलाच हवं, असं चौघांचंही म्हणणं. कधी कधी मलाही तसंच वाटतं, आणि त्याचीच धास्ती वाटते.

मोठा माणूस तर खराच. साठीला यांनी चौकात स्वतःच स्वतःचा फ्लेक्स लावला (शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार. ही बातमी मित्रपरिवारालाही फ्लेक्स वाचूनच कळली). हार मला आणायला लावला आणि झेंडूचाच का आणला म्हणून आठवडाभर अबोला धरला. पुढे विचारलं तर म्हणे, अबोला कसला? तुला भास होतात.

यवतमाळच्या आभा मॅडम समुपदेशन करतात, त्यांच्याकडे मी जाते. त्या सांगतात, मेंदूत बदामाएवढी भीतीची घंटा असते. वर्षानुवर्षं धाकात राहिलं की ती उगाचच वाजत राहते. एकदा हेही आले होते. तासभर स्वतःविषयी बोलले आणि आपल्या मेंदूचा फोटो काढून मिळेल का, असं विचारून गेले (पुढच्या फ्लेक्ससाठी असावा). नंतर मॅडम मला म्हणाल्या, काही आत्ममग्न माणसांत दुसऱ्याचं दुखणं ओळखणारा भाग मंद असल्याचं अभ्यासात दिसलंय. पण कारण कळलं म्हणजे माफ करायलाच हवं असं नाही.

भीती वाटली की समोर दिसेल त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, असा त्यांनी उपाय दिलाय. बाजारात मागून यांच्या स्कूटरसारखा हॉर्न वाजला आणि मी सुरू झाले : ढेमसं, सांबार, वांगी, कोहळं! भाजीवाल्या बिजलीबाईनं कोथिंबिरीच्या, म्हणजे सांबाराच्या, जुड्यांसकट सगळं भराभर तोललं. “बाई, घरी पंगत हाये का? एवढं कायले घेऊन राह्यल्या?” भीती वाटली, म्हटलं. तिनं मला पोत्यावर बसवलं, पाणी दिलं (आणि भाजीही सगळी गळ्यात मारली). तेव्हापासून मी आणि मथुराबाई ढेमसंच खातोय. मथुराबाई आता ढेमसं दिसली की ताट सरकवतात.

रोज चाललं की शेताकडे जाणाऱ्या पांदणीत पायवाट पडते, तसंच मेंदूतही होतं म्हणे. माझी पांदण अजून काट्यांनी भरलेली आहे गं.

तुझी कुंदा

ता. क. वर बरंच हसत लिहिलंय. ते फार खरं धरू नकोस.

पुन्हा ता. क. तुझ्या क्षितिजच्या लग्नात माझा हात भाजला, तेव्हा तू शेजारीच बसली होतीस. चहा यांनी माझ्या हातावर ओतला की माझ्याच हातून सांडला? हे म्हणतात, मीच सांडला. आता मलाही तसंच आठवायला लागलंय. रविवारच्या आत ये. यांच्याशी भांडू नकोस, चौघांनाही काही सांगू नकोस. तू काय पाहिलंस, तेवढं मला सांग.