कोरं बोट

रविवार, मतदानाचा दिवस, संध्याकाळ. नाशिक, १९९७

आजही मत दिलं नाही. माझ्यावर कुणी राज्य करावं हेच मला मान्य नाही, मग ते कोणी करावं यावर शिक्का कशाला मारू? सुमन सकाळीच देऊन आली. बोटावरची शाई दाखवत म्हणाली, "तुम्ही गेला नाहीत म्हणून कुणाचं राज्य थांबतंय का?" पण माझं बोट कोरं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला जरा गर्वच वाटत होता.

पाचनंतर दूध आणायला गेलो. डेअरीसमोर आमच्या वॉर्डातल्या उमेदवाराचा माणूस, अण्णा, खुर्ची टाकून बसला होता. मी दुधाची पिशवी घेत असताना त्याने माझं बोट पाहिलं. मी मुद्दामच लपवलं नाही. म्हटलं, विचारू दे, तत्त्व सांगतो.

त्याने विचारलंच नाही. हसून म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका. तुमचं मत दुपारीच पडलं. दर वेळी आपली पोरंच टाकतात ना."

दर वेळी?

म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला नकार समजत होतो, तो त्यांना हवाच होता... तक्रार तरी काय करू? मला द्यायचंच नव्हतं ते मत दुसऱ्याने का दिलं, अशी?

निघताना तो मागून म्हणाला, "वहिनींनाही सांगा. पुढच्या वेळी त्यांनीही घरीच थांबावं."

सुमन आत भांडी घासतेय. शाई काही केल्या निघत नाही म्हणतेय. निरोप अजून तिला सांगितलेला नाही.