हातानं दिलेले मासे

आये, मी रजेवर घरी आलेय आणि मला घरात बसवत नाही. चार दिवस झाले. खळ्यावर नागली झोडायची पडली आहे, काकी एकटी राबतेय, आणि मी हातातलं सूप खाली ठेवून दर तासाला पाड्यामागच्या टेकाडावर चढते, कारण फोनला रेंज तिथंच येते. काल काकी म्हणाली, "नवऱ्याशी भांडून आलीस का गं? वर जाऊन कुणाला हाका मारतेस?" मी म्हटलं, एका माशाची वाट बघतेय. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "सरकारनं तुला मासं राखायला ठेवलंय का?" म्हणाली. ठेवलंच होतं, पण तिला काय सांगू? तुला सांगते. तू मधे बोलणार नाहीस.

तू गेलीस तेव्हा मी बारावीला होते, त्यामुळं पुढचं तुला काहीच ठाऊक नाही. मी वनरक्षक झाले. खाकी कपडे, पट्टा, बूट, सगळं. पहिली काही वर्षं मोखाड्याच्या जंगलात गेली, तिथं मला दगड न् दगड माहीत. मग बदली झाली ती थेट समुद्राच्या काठी. आपलाच जिल्हा, पण मला परमुलखात टाकल्यासारखं झालं. तू समुद्र पाहिला नव्हतास. खोडाळ्याच्या बाजारात सुकट घेताना त्या कोळणीला एकदा विचारलं होतंस, "केवढा असतो गं तुमचा समुद्र?" आणि ती म्हणाली होती, "तुझ्या डोंगराएवढा बाय, पण आडवा." तू घरी येईपर्यंत हसत होतीस. तर त्या आडव्या डोंगराच्या काठी खाजणात, भरतीचं खारं पाणी शिरतं त्या सखल जमिनीत, कोळंबीची तळी आहेत. गेल्या वर्षी पावसाळ्यात मोठ्या भरतीला एका तळ्याचा बांध फुटला आणि पाण्याबरोबर डॉल्फिनचं एक पिल्लू आत आलं. मालकानं दुसऱ्या दिवशी बांध बुजवला आणि त्याला आतच ठेवलं. वर्षभर ते त्या तळ्यात फिरत होतं. लोक मुलाबाळांना घेऊन बघायला यायचे, मालक हातात बांगडा धरायचा, पिल्लू तोंड वर काढायचं, टाळ्या. शेवटी कुणीतरी तक्रार केली, खात्यानं तळं ताब्यात घेतलं आणि ठरलं की त्याला समुद्रात परत सोडायचं.

मी मासा म्हणते म्हणून आमच्या खात्याचे जनावरांचे डॉक्टर चिडतात. "मासा नाही हो बाई, आईचं दूध पिऊन वाढतो तो." मी विचारलं, मग याची आई कुठंय? ते म्हणाले, "असेल बाहेर. नाहीतर नसेल." चांगला माणूस, पण बोलायला असा कोरडा. त्यांनी मला नियम सांगितले. मेलेला मासा द्यायचा नाही. हातानं तर काहीच द्यायचं नाही. ताडपत्रीच्या आडून पाइपानं जिवंत बोईट मासे पाण्यात सोडायचे, त्याला माणूस दिसता कामा नये. धरले तर खाईल, नाही धरले तर उपाशी राहील, भूक लागली की शिकेल. रोज वहीत लिहायचं, किती धरले, आणि खाली सही करायची. लोकांना तळ्यापाशी येऊ द्यायचं नाही. हे काम माझं.

पहिले चार दिवस त्यानं एकही बोईट धरला नाही. बोईट त्याच्या नाकासमोरून पळायचे आणि ते वेडं काठाशी येऊन तोंड उघडायचं. कितीही ताडपत्री लावा, मी कुठं उभी आहे ते त्याला कळायचंच. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, मानेमागं खळगा पडला तर मला फोन करा, म्हणजे ते फारच खंगलंय. पाचव्या दिवशी सकाळी हजेरीला कुणी यायच्या आत मी काठावर बसले होते. ते वर आलं आणि मला मानेमागं खळगा दिसला. आये, मला खळगे ओळखू येतात. माझ्या पाठच्या बाळ्याच्या कानशिलांना पडले होते, ज्या पावसाळ्यात वावर-वांगणीकडनं रोज कुणाचं ना कुणाचं पोर भुकेनं गेल्याचं कानावर यायचं त्या पावसाळ्यात. मी सात वर्षांची होते. तू त्याला मांडीवर घेऊन नागलीची पेज बोटानं चाटवत होतीस आणि ती ओठांवरून खाली येत होती. ते मी विसरलेले नाही. मी फोन केला नाही. भांड्यात माझ्या स्वैपाकासाठी आणलेले तीन बांगडे होते, ते त्याला हातानं दिले.

एकदाच दिले असते तर मी आज हे लिहीत बसले नसते. दुसऱ्या दिवशी दिले, तिसऱ्या दिवशी दिले. नंतर ते बोईट धरायला लागलं, एक, दोन, मग चांगले दहा-दहा. डॉक्टर खूश. तरी मी देतच राहिले, रोज सकाळी, कुणी यायच्या आत, भांड्यावर दोनदा थाप मारून. वहीत मात्र ठळक अक्षरात लिहायचे, हाताने काही दिले नाही. आणि खाली सही.

त्या दिवसांत तुझा फार राग आला मला. बाळ्या गेल्यावर तू मला ओहोळावर नेलंस तो दिवस आठवून. तुला आठवतो का, कुणास ठाऊक. पाऊस उघडला होता. तुझ्या कमरेला फडक्यात भाकरी बांधलेली. मला वाटलं, आपण तिथं बसून खाणार. तू म्हणालीस, "दगडाखाली हात घाल. खेकडा धर. धरलास तर भाकरी." मी हात घालते, खेकडा निसटतो. पुन्हा घालते, तो चावतो, बोटातून रक्त येतं, मी भोकाड पसरते. तू दगडावर बसून आहेस. "चावला तर चावला. मी तुला जनमभर पुरणार नाय." दुपार झाली. मी पाण्यात बसून तुला शिव्या दिल्या, सात वर्षांच्या पोरीला येत होत्या तेवढ्या सगळ्या. तू वळून बघितलंही नाहीस, माझ्याकडं पाठ करून बसलीस. दिवस कलल्यावर मी एक धरला, मरतुकडा. मग तू उठलीस, काटक्या गोळा केल्या, तो भाजून दिलास आणि भाकरी सोडलीस. पुढं तू अंगणवाडीत मदतनीस झालीस, दुसऱ्यांच्या पोरांना मांडीवर घेऊन खिचडी भरवायचीस, आणि मी दारात उभी राहून बघायचे आणि जळायचे. लग्न झाल्यावर नवऱ्याला सांगितलं होतं मी, माझी आई दगड होती म्हणून. आता तळ्याच्या काठी भांडं घेऊन बसले आणि कळलं की न देता बसून राहणं किती अवघड आहे. तू पाठ का केलीस, तेही आता वाटतं की कळतं. पण खरंच कळतं, की मला तसं वाटून घ्यायचंय? तुझं तोंड मला दिसलं नव्हतं.

सोडायच्या दोन दिवस आधी डॉक्टरांनी मला आणि पहाऱ्यावरच्या दोघांना समोर बसवलं. म्हणाले, "कुणी हातानं काही दिलं असेल तर आत्ता सांगा. मी ओरडणार नाही. दिलं असेल तर अजून दोन महिने थांबू, त्याची ती सवय मोडू. नाहीतर ते होड्यांमागं जाईल आणि इंजिनाच्या पंख्यात सापडेल." तिघांकडं आळीपाळीनं बघितलं त्यांनी. मी म्हणाले, "नाही साहेब." माझ्याकडं तर कुणी संशयानंही बघितलं नसतं, एवढी माझी वही स्वच्छ. मला वाटलं, बोईट तर धरतंय, काय होणार आहे? आणि खरं सांगायचं तर भीती वाटली. एवढ्या वर्षांची नोकरी, त्यात बाई, त्यात डोंगरातली. चुकली की लोक लगेच म्हणणार, यांना काय कळतंय.

सोडलं त्या दिवशी आठ जणांनी ओल्या कापडाच्या झोळीत घालून होडीवर नेलं. मी त्याच्या अंगावर पाणी ओतत होते. खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते सुटलं, लांब गेलं, आणि वळून होडीभोवती फिरायला लागलं. एक फेरी, दोन, तीन. कुणीतरी म्हणालं, "बघा, निरोप घेतंय!" फोटो काढले. मला ठाऊक होतं ते काय शोधतंय. मी हात पाठीमागं धरून उभी राहिले आणि दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिला. डॉक्टर म्हणाले, जा, दमलात तुम्ही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज सकाळी टेकाडावर चढले आणि पहाऱ्यावरच्या एकाचा फोन आला. म्हणाला, "ताई, आपला गडी दोन दिवस होड्यांच्या अंगाला येतोय. कोळी म्हणतात, तोंड वर करून थांबतो. पाठीवर एक लांब चीर पडलीय. डॉक्टर डोकं धरून बसलेत, म्हणतात, असं व्हायला नको होतं." मी तिथंच दगडावर बसले. खाली खळ्यावर काकी नागली पाखडत होती. मग डॉक्टरांना फोन लावला आणि सांगितलं. बांगडे, सकाळ, थाप, वही, सगळं. मधे श्वास घेतला नाही.

मग ते म्हणाले, "नोकरीचं नंतर बघू. चीर वरवरची आहे. उद्या पहिल्या गाडीनं या, तुम्हीच लागाल." मी विचारलं, "परत धरून आणायचं का?" म्हणाले, "खुल्या पाण्यात ते आता धरू देणार नाही. होडीवर बसायचं. भांड्यावर थाप मारायची, तुमची ती. ते येईल. आलं की काठी आपटायची पाण्यावर, तोंडावर पाणी मारायचं, ओरडायचं. रोज. तुम्हाला बघून ते लांब पळायला लागलं, की कुठल्याच होडीजवळ जाणार नाही." मी बरं म्हटलं. खाली येऊन काकीला सांगितलं की उद्या निघते. ती म्हणाली, "मग आता तरी चार सुपं पाखडून जा." पाखडली.

हा कागद कुठं टाकणार? पेटीत तळाशी जाईल. डॉक्टरांना मी सांगितलं की त्याची भूक बघवली नाही म्हणून दिलं, आणि ते खरं आहे, पण पहिल्या आठ दिवसांपुरतं. नंतर ते पोटभर खात होतं. नंतर मी दिलं ते अशासाठी, की एवढ्या माणसांतून ते फक्त माझ्याकडं यायचं आणि मला ते आवडायचं. उद्या काठी आपटीन मी, आये, रोज आपटीन. पण थाप मारल्यावर ते आलंच नाही, तर सगळे म्हणतील बरं झालं, मीही म्हणेन, आणि मला फार वाईट वाटेल.