रेडिओ दणकाचा तटस्थ इतिहास

मंगळवार, २ डिसेंबर २०२५
रेडिओ दणकाचा इतिहास लिहायचं काम अखेर योग्य माणसाकडे आलं. आलं म्हणजे, मी सिद्धलिंग सरांना म्हणालो की दहाव्या वर्धापनदिनाला इतिहास मी वाचतो, आणि सर म्हणाले, "बघू." स्टेशन सरांच्या संस्थेचं. सरांचं बघू म्हणजे होच असतं.
देवणीत रेडिओतलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही. आयटीआयचा दरवाजा मी पाहिलेला नाही. (बाहेरून पाहिला आहे. तपशील अचूक असावा.) तरी पहिल्या दिवशी ट्रान्समीटरची वायर जोडली ती याच हातांनी.
इतिहासाची गरज अशी. दरवर्षी वर्धापनदिनाला मैदानात पोळ्यासारखं आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. हलगी सुरू झाली की ज्याचा मान तो नाचत तोरणाखालून पहिला जातो. मग सगळे. पण मान कुणाचा, हे कधी ठरलंच नाही. म्हणून दरवर्षी मारामारी. गेल्या वर्षी बॅन्डवाल्या मल्लिनाथचा दात पडला. माझ्या कोपरावर पडला.
आता मान पुराव्यानं ठरणार. रेडिओवर नाचायचं संगीत पहिलं ज्यानं आणलं, त्याचा मान. भांडण मुळातूनच खतम.
जेवताना पुनम म्हणाली, "अप्पा, तुम्ही ह्यात पडू नका. औंदा एक चापट जरी वाजली तर सर दणका टाइम बंद करणार हायत. कायमचा."
दणका टाइम आमच्या पुनमचा. रोज संध्याकाळी सहा ते सात, नुसती नाचायची गाणी. सहा वर्षं चालवते. पोरगी उगाच घाबरून राहिली. तिला सांगितलं, इतिहासकार तटस्थ असतो.
संकल्प : हात उचलायचा नाही. आवाजसुद्धा नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर
मल्लिनाथची मुलाखत घेतली. त्याच्या बॅन्डच्या खोलीत.
सुरुवात उत्तम झाली. चहा आला. त्याचं म्हणणं, पहिल्या वर्षी रेडिओवर खताची माहिती आणि प्रार्थना सोडून काही नव्हतं, म्हशीसुद्धा ऐकत नव्हत्या. त्याच्या बॅन्डनं कॅसिओवर वरातीची धून वाजवली तेव्हा गाव पहिल्यांदा नाचलं. मी तटस्थपणे नमूद केलं की त्या कॅसिओच्या मधल्या दोन पट्ट्या मेलेल्या होत्या, त्यामुळे ती धून म्हणता येत नाही. तो म्हणाला, "रामलिंगअप्पा, तू जोडलेल्या वायरीनं स्टेशन उद्घाटनालाच बंद पडलं, ते लिव्ह की आधी."
पुरावा तपासावा म्हणून मी त्याचं क्लॅरिनेट हातात घेतलं होतं. मल्लिनाथ एकदम पुढे आला. नाक त्याचं, ते क्लॅरिनेटवर आणून आपटण्याची जबाबदारी त्याची.
नंतर त्याच्या ढोलवाल्यानं मला ढोलात घातलं. पूर्ण नाही, खांद्यापर्यंत. आणि बाहेरून वाजवलं. आतून ऐकलेला ठेका कच्चा होता, हे इतिहासात येईल.
डावा कान अजून गुणगुणतो. संकल्प कायम आहे.

शनिवार, ६ डिसेंबर
भुजंगची मुलाखत. दणका टाइमला जे हलगी मिक्स लागतं, त्यातली हलगी भुजंगची. पुनम ती कॉम्प्युटरवर कॅसिओच्या बीटखाली बसवते. माणूस साधा. म्हणाला, "अप्पा, ज्याच्या पायाला खाज हाय त्यानं पहिलं जावं. मान कशाला पायजे?"
हे विधान इतिहासाला उपयोगाचं नाही. मी दुसरं मागितलं. त्यानं नकार दिला. मी त्याची बंडी धरून जरा आग्रह केला. बंडी फाटली, ती जुनीच होती.
तेवढ्यात त्याची आई चतुराबाई अंगणातून आली. हातात घमेलं. "माझ्या लेकाला हात लावतूस व्हय रं मुडद्या!" असं म्हणून तिनं घमेलं माझ्या पाठीत घातलं. नंतर टाळक्यात. नंतर मी पळत असताना फेकूनही मारलं आणि लागलंसुद्धा. वय सत्तरच्या पुढे, नेम असा. घमेलं लोखंडी होतं. पातळ पत्र्याचं नव्हे.
बायकोनं हळद लावली. शिवकांताला इतिहासाची आवड नाही, पण हळद चांगली लावते.

मंगळवार, ९ डिसेंबर
आनंदाची बातमी. माझ्या कामाची चर्चा सुरू झाली आहे.
मी मान ठरवून राहिलो हे कळल्यावर बसस्टँडवर वरच्या गल्लीची पोरं आणि खालच्या गल्लीची पोरं भिडली. वरच्या गल्लीचं म्हणणं, मान मल्लिनाथचा. खालच्या गल्लीचं म्हणणं, भुजंगचा. उसाची कांडकी, हॉकी स्टिक आणि एक सायलेन्सर वापरला गेला. रसवंतीचा चरक उलटला. दोन पोरांना उदगीरला टाके घालायला नेलं. एकाचं करंगळीचं नख रस्त्यावरच राहिलं.
इतिहासाबद्दल तरुणांत एवढी जागृती देवणीनं कधी पाहिली नसेल.
पुनमनं घरी येऊन ताट सरकवलं. शिवकांता म्हणाली, "सरांनी पोरीला बोलवून झापलं. म्हणले, वर्धापनदिन शेवटची संधी. तुम्हाला काही वाटतं का?"
वाटतं ना. म्हणूनच निकाल लवकर लावायला पाहिजे.

शुक्रवार, १२ डिसेंबर
निकाल लागला. मला स्वतःलाच धक्का बसला.
सगळे पुरावे समोर मांडले आणि तटस्थ मनानं पाहिलं. मल्लिनाथची धून पहिल्या वर्षी, पावसाळ्यानंतर. भुजंगची हलगी त्याच्याही नंतर. पण उद्घाटनाच्या दिवशी सकाळी, काही सुरू व्हायच्या आधी, मी माईकची चाचणी घेताना त्यावर पेचकसानं टक-टक-टकाटक असं वाजवलं होतं. ते हवेवर गेलं. चौकात पानटपरीच्या रेडिओवर ऐकून दोन माणसं हलली. हलणं म्हणजे नाचच, ठेक्यात असेल तर.
म्हणजे रेडिओ दणकावरचं पहिलं नाचायचं संगीत माझं. मान माझा.
शिवकांताला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या दिशी तुम्हाला शॉक बसत हुता. हात थरथरून टकटक हुत हुतं. मी सोता बटन बंद केलं."
कारण काही असो. ठेका होता.

मंगळवार, १६ डिसेंबर
सरांनी स्टुडिओत सगळ्यांना बोलावलं. स्टुडिओ म्हणजे बियाण्याच्या दुकानावरची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गोधड्या. दोन्ही गल्लीची पोरं, मल्लिनाथ (नाकाला पट्टी), भुजंग, मी (डोक्याला पट्टी).
पोरांनीच तोडगा काढला. म्हणाली, मान ना ह्याचा ना त्याचा. सहा वर्षं रोज आम्हाला नाचवती ती पुनमताई, तोरणाखालून पहिली तीच जाईल. मल्लिनाथ म्हणाला, "कबूल." भुजंग म्हणाला, "हाव, पोरीचाच हक हाय." दोघांनी गळाभेट घेतली. नाक दुखल्यामुळे मल्लिनाथ ओरडला, पण प्रेमानं.
सर म्हणाले, असंच शांतीत पार पडू द्या, दणका टाइम एक तास न्हाई, दोन तास करतो.
पुनम रडली. नंतर घरी येऊन आईची हिरवी इरकल नेसून पाहिली. आरशासमोर दोन पावलं टाकली. चांगली टाकते.
पोरीचा मला अभिमानच आहे. पण खरं ते खरं. इतिहासात घरचं-बाहेरचं करता येत नाही. वर्धापनदिनाला पुरावे शांतपणे मांडीन, ऐकून ती स्वतःच बाजूला होईल.

रविवार, २१ डिसेंबर, दुपारी
शर्टाला कडक इस्त्री. आवाज मोकळा. पुनम म्हणाली, "अप्पा, फक्त वाचा आन् खाली उतरा. येवढं ऐका माझं." डोक्यावर हात ठेवून हो म्हणालो. माझ्याच डोक्यावर.

मंगळवार, २३ डिसेंबर
काल लिहिता आलं नाही. उजवा हात गळ्यात बांधला आहे. हे डाव्या हातानं.
काय झालं ते क्रमानं. मैदानातून थेट प्रसारण होतं. मी इतिहास वाचायला सुरुवात केली. उद्घाटनाच्या सकाळपर्यंत लोक शांत होते. पेचकसाच्या टकटकीवर हसले. "म्हणून मान माझा" म्हणालो तेव्हा हसायचे थांबले. पुनमनं खालून माईक बंद कर म्हणून खूण केली, पण माईकवाला पोरगा वरच्या गल्लीचा. त्याला मजा वाटून राहिली होती.
मी कागद घडी केला, माईकसकट स्टँड हातात घेतलं आणि तोरणाकडे चालू लागलो. नाचत. भुजंगनं हलगी थांबवली. मल्लिनाथनं मागून कंबर धरली. मी त्याला सोडवलं, म्हणजे त्याच्या पायावर स्टँड आपटलं. मग वरची गल्ली माझ्यावर पडली, खालची गल्ली वरच्या गल्लीवर. खुर्च्या उडाल्या. एकाचं डोकं स्पीकरच्या जाळीतून आत गेलं. भुजंगची हलगी कुणाच्या तरी गुडघ्यानं फुटली, त्यानं तिचंच कडं घेऊन चौघांना झोडपलं. सिद्धलिंग सरांना कुणीतरी केळीच्या खांबानं पाडलं. तोरण माझ्याच गळ्यात आलं, आणि त्याला धरून मला ओढलं.
मी स्टँड फिरवत होतो. पुनम मधे आली. स्टँडचं टोक तिच्या भुवईला लागलं. ती डावीकडून आली, आणि मी उजवीकडे बघत होतो. ती काहीतरी म्हणाली, गोंगाटात ऐकू आलं नाही.
भुवई फाटली होती. इरकल भिजली.
हे सगळं लाइव्ह गेलं. शेजारच्या वलांडीत लोकांना वाटलं कार्यक्रमच आहे, म्हणून म्हणे नाचले.

सोमवार, ५ जानेवारी २०२६
संध्याकाळी सहाला आता जनावरांच्या लसीची माहिती लागते. कुणी परका माणूस वाचतो.
पुनम नांदेडला गेली, मावशीकडे. मोबाईलच्या दुकानात काम धरलंय. जाताना वाकून पाया पडली, बोलली नाही. शिवकांताही माझ्याशी कामापुरतंच बोलते.
चांगली बातमी एकच. पोरांनी त्या दिवशीच्या प्रसारणाचं मिक्स केलंय, खाली हलगी घातलीय. उदगीरपासून निलंग्यापर्यंत प्रत्येक वरातीत वाजतंय. म्हणजे माझा आवाज. इतिहास मिटवता येत नाही.
संकल्प : पुढच्या लग्नाला जाऊन मिक्सची माहिती लोकांना नीट सांगायची.

रविवार, ८ फेब्रुवारी
भोकरला लग्न, शिवकांताच्या माहेरचं. वरातीत मिक्स लागलं. मी स्पीकरजवळ गेलो. माझा कान पक्का आहे. पहिल्यांदाच सबंध ऐकलं.
माझा आवाज त्यात कुठेच नाही.
हलगी, हलगी, मग पुनम : "अप्पा, बास!" परत हलगी. "अप्पा, बास! अप्पा, बास!" दर वेळी अख्खी वरात हात वर करून तेच ओरडते. बायका, म्हातारे, नवरदेवाचा घोडेवाला. सहा वर्षं रोज बोलणाऱ्या माझ्या पोरीचा आवाज आता हवेत एवढाच उरलाय.
माहिती सांगायला म्हणून मी हात वर केला. बाजूच्यांना वाटलं मीही नाचून राहिलो. कुणाला माहीत नव्हतं अप्पा कोण.
एका पोरानं मला खांद्याला धरलं, अदबीनं. म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हता का? पोरान्ला जागा पुरंना."
झालो.